सही कुणाची, आणि कशावर?

पत्राचा सारांश : नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, साडेसात मीटर रुंदीच्या गल्लीत एक वाचक भगिनी राहतात. वय 61. इमारत 1991 सालची, तळमजला धरून तीन मजल्यांची, 12 फ्लॅटची, लिफ्ट नसलेली. यजमान सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. घरात 84 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना दिसतं कमी. फ्लॅट तळमजल्यावर आहे. तो सासऱ्यांनी घेतला होता. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण भागदाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) अजून त्यांच्याच नावावर आहे. एका बिल्डरने पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला आहे : 40 टक्के जादा कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्र), दोन वर्षांचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम. नऊ जणांनी संमतिपत्रावर सह्या केल्या, तिघांच्या बाकी आहेत. 'सिंहस्थाच्या आधी उरकलं तरच हा भाव मिळेल' असं कमिटी म्हणते. पुण्याचा मुलगा म्हणतो, 'फुकटात मोठं घर मिळतंय, अडवता कशाला?' समोरच्या बंगल्यातले वयस्कर गृहस्थ म्हणतात, 'गल्लीची वाट लागेल, निदान तुम्ही तरी सही करू नका.' वरच्या मजल्यावरची तीस वर्षांची मैत्रीण बोलेनाशी झाली आहे. सासूबाईंच्या कानावर अजून काहीच घातलेलं नाही. त्या लिहितात, 'सही केली तर सासूबाईंची अपराधी, नाही केली तर सगळ्या बिल्डिंगची. मी काय करू?'

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि मी तिथेच थांबले. भागदाखला अजून सासऱ्यांच्या नावावर आहे.

मग तुम्ही सही करणार ती कोण म्हणून? आणि तुमचे यजमान तरी कोण म्हणून? सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या मागे त्यांची पत्नी, मुलगे आणि मुली हे सगळे सारख्या हिश्श्याचे वारस होतात. म्हणजे सासूबाई, तुमचे यजमान आणि यजमानांना भावंडं असतील तर तीही, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट. सोसायटीच्या दप्तरात सासऱ्यांनी नॉमिनी म्हणून कुणाचं नाव दिलं होतं ते पाहा. त्या पिढीतले पुरुष बहुधा बायकोचं नाव देत. तसं असेल तर सोसायटीच्या कायद्यानुसार वारसांची नोंद होईपर्यंत सासूबाई तात्पुरत्या सभासद होऊ शकतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो बाकीच्या वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. पण सभेची नोटीस जायची तर सासूबाईंच्या नावाने जायला हवी.

थोडक्यात, ज्यांना तुम्ही अजून सांगितलेलं नाही, कदाचित त्यांचीच सही लागणार आहे.

हे तुम्हाला दटावण्यासाठी लिहीत नाही. त्यांना धक्का बसू नये म्हणूनच तुम्ही गप्प राहिलात, हे पत्रातून दिसतं. पण आपण म्हाताऱ्या माणसांना जपतो म्हणजे पुष्कळदा त्यांना विचारायचं टाळतो. 'त्या इथून हलणार नाहीत' हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंय का? पत्रात तरी तसं कुठे नाही. माझ्या मावशीच्या घरी हेच झालं होतं. जुन्या नाशकातला त्यांचा वाडा धोकादायक ठरला. आजीला हे कसं सांगावं या विचारात घरच्यांनी वर्ष काढलं. शेवटी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, 'दर पावसाळ्यात रात्री उठून मी भिंतीला हात लावून बघते. तुम्हाला आत्ता कळलं होय?' प्रत्येक आजी असंच म्हणेल असं नाही. तुमच्या सासूबाई ठाम 'नाही'ही म्हणतील. तेही आत्ताच कळलेलं बरं.

त्यांच्याशी बोलताना 'घर पाडायचंय' इथून सुरुवात करू नका. कमी दिसणारं माणूस घर हाताने ओळखतं. पलंगापासून मोरी किती पावलांवर, उंबरा कुठे, बटण कोणत्या उंचीवर, हे सगळं त्यांच्या बोटांत आहे. तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे असतील. मधली दोन वर्षं कुठे राहायचं? तिथे जिना आहे का? देव कुठे मांडायचे? परत आल्यावर आपण कितव्या मजल्यावर? हा शेवटचा प्रश्न तर तुमच्या कमिटीनेही विचारला असेल असं वाटत नाही. नव्या इमारतीत तळमजल्यावर पार्किंग येतं. म्हणजे आज पायरीही न चढता घरात शिरणाऱ्या तुमच्या सासूबाई उद्या लिफ्टच्या भरवशावर असतील. करारात तुमच्या कुटुंबासाठी पहिला मजला लिहून घेता येतो. लिफ्टला जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा बॅकअप, मोरीत धरायला दांडी, उंबरे नसलेली दारं हेही लिहून घेता येतं. बिल्डरच्या खर्चात या मागण्या किरकोळ असतात, पण त्या करारावर सही होण्याच्या आधीच मान्य करून घ्याव्या लागतात.

आता 'मी अडवतेय' या ओझ्याबद्दल.

हे ओझं खाली ठेवा ताई, कारण अडवण्याचं बळ तुमच्याकडे नाहीच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाचे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचे निर्देश आहेत. ते आधी 3 जानेवारी 2009 चे होते, 4 जुलै 2019 ला नवे आले. नव्या निर्देशांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची मान्यता हवी. तुमच्या 12 फ्लॅटच्या इमारतीत ही संख्या सात होते. नऊ जण तयार आहेत. रीतसर सभेत रीतसर ठराव झाला, तर उरलेल्या तिघांवरही तो बंधनकारक ठरतो, आणि अडून बसलेल्या अल्पमताला न्यायालयांनी सहसा थारा दिलेला नाही. म्हणजे तुमची एक सही थांबल्याने कुणाचं घर अडलेलं नाही. मैत्रिणीच्या रागाचं कारण दुसरं काही असेल, किंवा तिलाही ही माहिती नसेल.

पण 'रीतसर' या शब्दावर सगळी मदार आहे. तुमच्या पत्रात संमतिपत्राचा उल्लेख आहे, सभेचा नाही. घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्या म्हणजे ठराव नव्हे. यासाठी विशेष सर्वसाधारण सभा लागते, तिची 14 दिवस आधी नोटीस लागते. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, तो सभासदांना वाचायला द्यायचा, निविदा मागवायच्या. बिल्डर ज्या सभेत निवडायचा, तिथे निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर लागतो आणि सभेचं चित्रीकरण करायचं असतं. तुमच्याकडे एकच बिल्डर आणि एकच प्रस्ताव दिसतोय. त्याची तुलना कशाशी केली? ते संमतिपत्र पुन्हा एकदा सावकाश वाचा. अशा छापील कागदात 'मागे घेता येणार नाही' किंवा 'कुलमुखत्यार' असे शब्द असतील, तर वकिलाला दाखवल्याशिवाय कुणीही सही करू नये. ज्यांनी केली आहे त्यांनीही दाखवावा.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट. नाशकात पुष्कळ इमारतींना बोलताना सोसायटी म्हणतात, पण त्यांची नोंदणी 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असते. तिथे भागदाखला नसतो, डीड ऑफ डिक्लरेशन असतं आणि प्रत्येकाचा जमिनीत अविभक्त हिस्सा असतो. 79अ चे निर्देश त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपण नेमके कोण, हे नोंदणीच्या कागदावर पाहून मगच पुढे जावं. आणि सोसायटी असो की अपार्टमेंट, सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघाच. 1990 च्या सुमाराच्या कित्येक इमारतींची जमीन आजही मूळ मालकाच्या किंवा पहिल्या बिल्डरच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून ती सोसायटीच्या नावावर आणता येते. ते पुनर्विकासाच्या आधी झालं की बोलणी करताना सोसायटीची बाजू भक्कम राहते.

आता 40 टक्क्यांकडे येते. तुमच्या मुलाला हा भाग वाचून दाखवा.

बिल्डर जादा जागा देतो ती खिशातून देत नाही. त्या भूखंडावर जितकं बांधता येतं त्यातली काही तुम्हाला देतो, उरलेली विकतो आणि त्या विक्रीतून खर्च आणि नफा काढतो. किती बांधता येतं हे मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्यात डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकात्मिक नियमावलीवर ठरतं, आणि त्यात निर्णायक असते रस्त्याची रुंदी. गावठाणाबाहेर, रहिवासी भागात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 1.1 आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारण तक्त्याप्रमाणे तिथेच थांबायचं. प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा) एफएसआय नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता 9 मीटर झाला की त्यावर 0.50 प्रीमियम आणि 0.40 टीडीआर चढवून 2 पर्यंत जाता येतं. जिने, लिफ्ट, गॅलऱ्या वगैरेंपोटी पैसे भरून वर 60 टक्के पूरक एफएसआय मिळतो.

तुमचा भूखंड 800 चौरस मीटरचा आहे असं धरू. साडेसात मीटर रस्त्यावर 880 आणि त्याचे 60 टक्के मिळून सगळं मिळून 1,408 चौरस मीटर बांधकाम होतं. तोच भूखंड 9 मीटर रस्त्यावर असेल तर 1,600 अधिक 960, म्हणजे 2,560. जमीन तीच, गल्ली तीच, फरक दीड मीटर रस्त्याचा. पहिल्या आकड्यात 12 जणांना 40 टक्के जादा देऊन बिल्डरला विकायला फारसं उरत नाही. दुसऱ्यात उरतं. (जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी नियमावलीत जादा एफएसआयची वेगळी तरतूद आहे. ती तुमच्या इमारतीला लागू होते का आणि किती, हे तुमच्या सल्लागाराने लेखी सांगायला हवं.)

म्हणून पहिला प्रश्न हा : 40 टक्के हा आकडा कोणता रस्ता धरून काढला? सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांचं हे दुखणं नाशिककरांना नवीन नाही. जुन्या लेआउटमध्ये असे रस्ते भरपूर आहेत. दोन्ही बाजूंच्या भूखंडांतून पाऊण-पाऊण मीटरची पट्टी घेऊन साडेसातचे नऊ करायचे, हा त्यावरचा मार्ग. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियत रेषा, म्हणजे रस्त्याची अधिकृत हद्द, ठरवता येते. तुमच्या गल्लीची तशी रेषा मंजूर झाली आहे, की 'होऊन जाईल' या भरवशावर प्रस्ताव उभा आहे? शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. रस्त्याच्या रुंदीबद्दल लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. गंगापूर रोडचा काही भाग गोदावरीच्या जवळ आहे, तेव्हा भूखंड निळ्या किंवा लाल पूररेषेत येतो का हेही त्याच फेरीत बघून घ्या. 2008 चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे का बघायचं ते सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न : 40 टक्के कशाच्या वर? 1991 च्या करारात क्षेत्र बहुधा बिल्टअप लिहिलेलं असतं. आजचं रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) कार्पेट म्हणजे आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी सोडून. तुम्ही गॅलरी आत घेतली असेल तर ती मोजली की नाही? एकाच इमारतीत दोन घरांची मोजमापं दोन तऱ्हेने धरली, तर टक्का सारखा असूनही घरं सारखी मिळत नाहीत आणि भांडणं होतात ती इथेच.

'फुकटात' हा मुलाचा शब्द मला खटकला. दोन वर्षं दोनदा घर हलवायचं, तेही 84 वर्षांच्या माणसाला घेऊन. नंतर लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा खर्च. नव्या बांधकामांसाठी 1 एप्रिल 2018 पासून घरपट्टीचे दर वाढले, त्यावर शहरात केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. निवृत्तीच्या पैशावर चालणाऱ्या घराने हा हिशेब आधी मांडायला हवा. मिळणारा कॉर्पस बँकेत ठेवला तर त्याच्या व्याजात हा वाढीव खर्च भागतो का, एवढं कागदावर लिहून बघा. भागत नसेल तर कॉर्पस वाढवून मागा.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की मी 'सही करू नका' म्हणतेय. तसं नाही. इमारत 30 वर्षांच्या पुढे गेली आहे. अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते झालंय का, आणि कुणी केलं? बिल्डरच्या माणसाने केलेलं ऑडिट बाजूला ठेवा आणि सोसायटीच्या पैशाने स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्या. 12 घरांत तो खर्च वाटला की जड जात नाही. खांबांतलं लोखंड गंजलं असेल, स्लॅबचे पोपडे पडत असतील, तर पुनर्विकास हाच शहाणपणाचा मार्ग आहे आणि मग वेळ काढण्यात अर्थ नाही. इमारत दुरुस्तीने 15 वर्षं टिकेल असा अहवाल आला, तर तुमच्या हातात वेळ आहे आणि बिल्डरशी बोलायला बळ आहे. कोणताही अहवाल आला तरी सिंहस्थाची घाई मात्र मनावर घेऊ नका. 2027 च्या सिंहस्थाआधी भाव चढेल की नाही ते सांगता येत नाही, पण घाईत सही केलेला करार पुढची कित्येक वर्षं तुमच्या गळ्यात राहतो.

घर सोडण्याआधी काय हातात असावं, यावर मी फार हट्टी आहे. माझ्या बहिणीचं कुटुंब नाशिकरोडला भाड्याच्या घरात गेलं, चौदाव्या महिन्यात भाड्याचे चेक वटेनासे झाले. इमारत तोवर जोत्यापर्यंतच आली होती. त्यांच्याकडे बँक गॅरंटी नव्हती, कारण 'आपलाच माणूस आहे' म्हणून कुणी मागितलीच नव्हती. शासनाच्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहे, ती मागायला संकोच कशाचा? विकसन करार नोंदणीकृत हवा, प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र करार हवा, त्याला तुमच्या फ्लॅटचा नकाशा जोडलेला हवा. भाडं पुरी मुदत, दरवर्षीच्या वाढीसह. ताबा लांबला तर ताब्याच्या दिवसापर्यंत भाडं सुरू. आणि महापालिकेची बांधकाम परवानगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

राहिले समोरच्या बंगल्यातले काका. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांच्या अंगणातलं ऊन खरंच कमी होईल, गल्लीत गाड्या वाढतील. पण त्यासाठी तुम्ही तुमच्या जुन्या इमारतीतच राहावं, ही अपेक्षा न्याय्य नाही. गल्ली कशी वाढावी हे विकास योजनेत ठरतं. तिच्यावर आणि तिच्यातल्या फेरबदलांवर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा आपल्यापैकी फार थोडे लोक अर्ज देतात. रस्ता 9 मीटर करायचा तर काकांच्या कुंपणातूनही पाऊण मीटर जाणार आहे, हे त्यांना ठाऊक आहे का? त्यांना आत्ताच बोलवा. सगळ्या गाड्या प्लॉटच्या आत लागतील, पाहुण्यांच्यासुद्धा, पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं जाईल, झाडं शक्य तिथे वाचवली जातील आणि तोडायची वेळ आली तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊनच, असं तुमच्या सोसायटीने करारात घातलं, तर काकांचं निम्मं म्हणणं तिथे येतं. उरलेलं निम्मं येणार नाही, आणि ते त्यांना स्पष्ट सांगावं.

तेव्हा ताई, क्रम असा ठेवा. आधी सासूबाई, मग यजमानांची भावंडं, मग वारसनोंद. दरम्यान कमिटीला एक साधं पत्र द्या : 'माझा विरोध नाही. ऑडिट अहवाल, रस्त्याच्या रुंदीचा दाखला आणि व्यवहार्यता अहवाल मिळावा, विशेष सभा बोलवावी.' पोच घ्या. बाकी राहिलेल्या दोघांनाही याच पत्रावर सही करायला सांगा. सही केलेल्या नऊ जणांतलेही काही जण करतील असा माझा अंदाज आहे, कारण हे कागद त्यांनाही मिळालेले नसणार.

आणि या रविवारी घर मोजून घ्या. स्टीलची मोजपट्टी आणा, एकेक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत, गॅलरी वेगळी. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. वरच्या मजल्यावर जा, मैत्रिणीचं दार वाजवा, 'आधी तुझं मोजू, मग माझं' म्हणा. तिच्या घराचा आकडाही तिने कधी मोजलेला नसेल.